प्लेगच्या आडून आलेला ताप

भायखळ्याच्या राणीच्या बागेत एक बाप आणि त्याचा लेक एकाच आवारात उभे आहेत. बाप डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या दालनात, पांढऱ्या संगमरवरात. लेक बाहेर, घोड्यावर, ब्राँझमध्ये. बाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स आल्बर्ट. लेक म्हणजे पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स. त्याच्या घोड्यावरून फोर्टातल्या एका चौकाला ‘काळा घोडा’ हे नाव पडले. १९६५ साली पुतळा तिथून हलवला, नाव मात्र चौकातच राहिले. गंमत अशी की पुतळे देणारेही बापलेकच: वडलांचा पुतळा डेव्हिड ससूनने दिला आणि मुलाचा त्याच्या मुलाने. या दुसऱ्या ससूनचे नाव आल्बर्टच.

पुतळ्यांतल्या या बापलेकांना एका तापानेही जोडलेले आहे. आल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी वारला. मृत्यूचे कारण विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, असे नोंदवले गेले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत विल्यम जेनर होता आणि विषमज्वर व टायफस हे दोन वेगळे रोग आहेत हे इंग्लंडात ठामपणे दाखवणारा तज्ज्ञ हाच. तरीही आजचे अभ्यासक त्या निदानावर शंका घेतात, कारण आल्बर्ट बराच आधीपासून पोटाच्या दुखण्याने खंगत होता. मुलाच्या बाबतीत अशी शंका नाही. १८७१च्या शरदात एडवर्ड स्कारबरोच्या एका बड्या घरी पाहुणा म्हणून राहून आला आणि तापाने अंथरुणाला खिळला. त्याच घरी उतरलेला लॉर्ड चेस्टरफील्ड गेला, राजपुत्राचा मोतद्दारही गेला. घराच्या मोरी-गटाराकडे बोट दाखवले गेले. राजपुत्राची तर आशाच सोडली होती, पण नेमक्या बापाच्या दहाव्या पुण्यतिथीच्या सुमारास ताप उतरला. राजेशाही नको म्हणणाऱ्यांचा इंग्लंडात तेव्हा बराच जोर होता. तो या तापाने ओसरला.

चार वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८७५ला, हा बरा झालेला राजपुत्र मुंबईच्या बंदरात उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस होता. त्याच मुक्कामात घारापुरीच्या लेण्यांत त्याला मेजवानी दिली गेली. शिवाच्या दालनात काटेचमचे वाजले. बेटापलीकडच्या किनाऱ्यावर, जिथे आज न्हावा-शेवा आणि उलवे आहे, तिथे तेव्हा भातखाचरे, मिठागरे आणि कोळी-आगऱ्यांची गावे होती. त्या गावांत कोणाला मुदतीचा ताप आला तर त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नव्हती.

हे जाणूनच म्हणतो. विषमज्वराचा इतिहास आपल्याला राजवाड्यांतून आणि छावण्यांतून मिळतो, कारण लिहिणारे तिथे होते. भारतातल्या गोऱ्या फौजेत विषमज्वर हा सर्वांत धसक्याचा रोग होता. विलायतेहून नव्याने आलेला विशीतला सोल्जर वर्ष-दोन वर्षांत हमखास त्याच्या तावडीत सापडे. उलट नेटिवांना हा रोग होतच नाही, असे लष्करी डॉक्टर वर्षानुवर्षे समजत. खरे तर इथली बहुतेक माणसे लहानपणीच त्याला तोंड देत. जी मुले जगत ती मोठेपणी तुलनेने सुरक्षित राहत आणि जी जगत नसत त्यांची गणना सरसकट ‘ताप’ या रकान्यात होई. इतक्या मोठ्या प्रशासनाला मुलांचे मरण दिसू नये, ही चूक नुसत्या वैद्यकाची म्हणता येणार नाही.

तोवर युरोपात रोगाची कुंडली तयार झाली होती. डेव्हन परगण्यातला डॉक्टर विल्यम बड याने रुग्णाच्या मलातून, पाण्यावाटे हा रोग दुसऱ्याच्या पोटात जातो हे गावातल्या घराघरांवरून ताडले आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. १८८० साली एबर्टला सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला. १८८४ साली गेओर्ग गाफ्कीने तो प्रयोगशाळेत शुद्ध रूपात वाढवून दाखवला. मग १८९६ साल आले. त्या वर्षी पॅरिसमध्ये फर्नां विडालने रक्ताच्या थेंबावरून विषमज्वर ओळखण्याची चाचणी दिली. जर्मनीत रिशार्ड फायफर आणि इंग्लंडात आल्मरॉथ राइट हे दोघे मेलेल्या जंतूंची लस टोचू लागले. पहिला मान कोणाचा, यावर दोन्ही देशांत अजून कुरबुर चालते.

त्याच वर्षी सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला.

प्लेगच्या मुंबईची कथा आपण अनेकदा वाचलेली असते: घरे खाली करणे, पळापळ, हाफकिन. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबरात आला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एका अपुऱ्या जागेत कामाला बसला आणि १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस त्याने स्वतःलाच टोचून घेतली. या गर्दीत आणखी कोण कोण मुंबईत उतरले, इकडे सहसा लक्ष जात नाही. १८९७ साली जर्मन सरकारने प्लेगच्या अभ्यासासाठी पथक पाठवले. त्याचा प्रमुख गाफ्की होता आणि पथकात फायफरही होता. पुढे रॉबर्ट कॉखही येऊन मिळाला. १८९८ साली ब्रिटिशांचे प्लेग कमिशन आले, त्यात आल्मरॉथ राइट होता.

म्हणजे विषमज्वराचा जंतू प्रथम वाढवणारा, त्याच्यावर लस काढणारा आणि त्या लशीच्या श्रेयावर हक्क सांगणारा दुसरा, असे तिघे दोनेक वर्षांच्या अंतराने याच शहरात वावरले. तिघेही आले होते प्लेगसाठी. प्लेग आठवड्याला शेकडोंनी माणसे नेत होता, व्यापार बंद पाडत होता, युरोपातल्या बंदरांना धडकी भरवत होता. विषमज्वर यातले काहीच करत नव्हता. तो चाळींतून, नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यातून सावकाश, बारा महिने फिरत होता. अशा रोगासाठी कोणी कमिशन नेमत नाही.

राइटचे मात्र प्लेगपेक्षा विषमज्वराकडेच अधिक लक्ष होते. लशीची कल्पना त्याला हाफकिनच्या कॉलऱ्याच्या कामावरून सुचली होती. भारतात आल्याचा फायदा घेऊन त्याने छावण्यांतल्या सुमारे चार हजार गोऱ्या सैनिकांना आपली लस टोचली. सगळे स्वेच्छेने पुढे आलेले. टोचणीनंतर दंड सुजे, अंग तापे, दुसऱ्या दिवशी कवायत होत नसे. लष्करी अधिकारी वैतागले. नोंदी विस्कळीत राहिल्या, कारण पलटणी बदलत आणि माणसे हलत.

लगेच १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. तिथे ब्रिटिश फौजेत विषमज्वराचे ५७ हजारांवर रुग्ण झाले आणि ८ हजारांहून अधिक मेले. गोळीने मेलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा. ब्लूमफाँटेनच्या इस्पितळात तंबू पुरेनात. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल तिथे डॉक्टर म्हणून राबत होता आणि लस सक्तीची का केली नाही म्हणून चिडत होता. आफ्रिकेच्या प्रवासांवर लिहिणारी मेरी किंग्जली बोअर कैद्यांची शुश्रूषा करताना याच तापाने गेली. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला तर हा रोग आधीच जवळून भेटून गेला होता. त्याचा जिवलग मित्र वोलकॉट बॅलेस्टियर १८९१च्या डिसेंबरात ड्रेस्डेनला विषमज्वराने वारला. किपलिंग तेव्हा लाहोरला आईवडिलांकडे आला होता. तार मिळताच तो परत फिरला आणि महिन्या-दीड महिन्यात त्याने मित्राच्या बहिणीशी लग्न केले.

युद्ध संपल्यावर राइटने आपले आकडे मांडले आणि १९०४ साली संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने त्यांची चिरफाड केली. त्याचा आक्षेप साधा होता. जे आपणहून टोचून घेतात ते मुळात जास्त काळजी घेणारे असतील, उकळलेले पाणी पिणारे असतील. मग रोग कमी झाला तो लशीने की त्यांच्या सवयीने? टोचून घ्यायला तयार असलेल्यांपैकी एकाआड एकालाच टोचा आणि मग मोजा, असे त्याने सुचवले. राइट भडकला. वाद वैद्यकीय नियतकालिकात आठवडेच्या आठवडे चालला. माणूस म्हणून राइट मोठा पराक्रमी, पण या वादात बाजू पिअर्सनची खरी होती, असे माझे मत आहे. हा आक्षेप लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुढे परत यायचे आहे.

याच बोअर युद्धात अकराशे हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभे करणारा एक बॅरिस्टर १९०१ साली मायदेशी परतला आणि पुढच्या वर्षी मुंबईत गिरगावात बिऱ्हाड करून राहिला. घर दमट आणि काळोखे होते. राहायला येऊन थोडे दिवस होतात न होतात तोच त्याचा दुसरा मुलगा मणिलाल तापाने फणफणला. वय दहाच्या आसपास. विषमज्वर, जोडीला न्युमोनिया, रात्री वात.

मोहनदास गांधींनी हा प्रसंग आत्मकथेत तपशिलाने सांगितला आहे आणि आपल्याकडच्या विषमज्वराच्या आठवणींत मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात रोग्याच्या खोलीतले सगळे आहे. पारशी डॉक्टर आले. औषधाचा फारसा उपयोग नाही, मुलाला अंडी आणि कोंबडीचे सूप द्या, म्हणाले. गांधी अडले. मुलगा स्वतः निर्णय घेण्याच्या वयाचा नाही, तेव्हा निर्णय बापाचा. आणि बापाचा धर्म मांसाहाराला आड येतो. डॉक्टर भले होते, समजावून सांगत होते. गांधींनी त्यांना नाडी आणि छाती तपासायला येत राहण्याची विनंती केली आणि उपचार स्वतःच्या हाती घेतला: निसर्गोपचारवाल्या कुनेच्या पद्धतीने कटिस्नान, आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस. तीन दिवस त्यावरच काढले.

ताप १०४ पर्यंत चढला. बापाचा धीर सुटत चालला. लोक काय म्हणतील, थोरले भाऊ काय म्हणतील, पोराच्या जिवाशी प्रयोग करण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे विचार त्यांनी लपवलेले नाहीत. शेवटी त्यांनी चादर थंड पाण्यात भिजवून पिळली, डोके सोडून मुलाला तिच्यात गुंडाळले, वर दोन कांबळी घातली, डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. अंग तापलेल्या लोखंडासारखे, घामाचा टिपूस नाही. कस्तुरबांना मुलाजवळ बसवून ते चौपाटीवर फिरायला निघून गेले. रात्रीचे दहा वाजले असावेत. रामनाम घेत फिरले आणि धडधडत्या छातीने परतले, तेव्हा मुलगा मला यातून बाहेर काढा म्हणून विनवत होता आणि कपाळावर घाम फुटू लागला होता. ताप उतरला. पुढचे चाळीस दिवस मणिलाल पाणी घातलेल्या दुधावर आणि फळांच्या रसावर होता.

बरा कशाने झाला? ईश्वरकृपेने, पाण्याने, की पथ्याने, हा प्रश्न गांधींनी उघडाच ठेवला आहे आणि त्यातला प्रामाणिकपणा मान्य करायला हवा. पण आज हिशेब मांडता येतो. काहीही औषध न देता विषमज्वराचे शंभरातले दहा ते वीस रुग्ण दगावत; म्हणजे ऐंशी-नव्वद वाचतच. थंड पाण्याचा उपचारही दिसतो तितका विक्षिप्त नव्हता. एर्न्स्ट ब्रांट या जर्मन डॉक्टरची थंड स्नानाची पद्धत तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या इस्पितळांत रीतसर वापरात होती. चुकले असेल ते खाण्याच्या बाबतीत. तीन आठवड्यांच्या तापात शरीर स्वतःलाच जाळून खाते आणि रोग्याला भरपूर पोषण द्यावे, हे पुढच्या दशकात डॉक्टरांनी दाखवले. अंड्यांचा आग्रह धरणारा तो पारशी डॉक्टर काळाच्या पुढे होता असे म्हणायला हरकत नाही. मणिलाल मात्र सुदैवी ठरला. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्याने ‘इंडियन ओपिनियन’ हे पत्र कितीतरी वर्षे चालवले आणि १९५६ पर्यंत तो जगला.

गांधींनी विषमज्वराच्या मुळावर खरा घाव घातला तो या प्रसंगाच्या सहा वर्षे आधी, आणि तोही प्लेगच्याच निमित्ताने. १८९६ साली मुंबईतल्या प्लेगची हाय खाऊन राजकोटने स्वच्छता समिती नेमली, तेव्हा ते घरोघरी संडास तपासत हिंडले. बड्यांच्या हवेल्यांतली घाण पाहून ते हबकले. दलितांच्या वस्तीत यायला समितीतला एकच सभासद तयार झाला. तिथल्या झोपड्या सारवलेल्या, स्वच्छ निघाल्या. संडासांच्या या पाहणीला कोणी वैद्यक म्हटले नाही. बड असता तर म्हणाला असता.

यानंतरचा काळ भराभर ओलांडता येतो. १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण पकडली गेली. ती ठणठणीत होती, पण तिच्या पोटात जंतू होते आणि ती जिथे रांधी त्या घरात ताप येई. तिने एकंदर सव्वीस वर्षे एका बेटावर एकांतवासात काढली. तिच्यावर झालेला अन्याय हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९१२ साली विमान उडवणारा विल्बर राइट विषमज्वराने पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. शहरांनी पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली आणि पश्चिमेतून रोग ओसरला. १९४८ साली मलायात काही अमेरिकन डॉक्टर क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध दुसऱ्याच एका तापावर तपासत होते. चुकून आलेले विषमज्वराचे रोगी त्याने बरे झाले. पुन्हा तेच, दुसऱ्याच्या आडून. चाळीस दिवसांचे दुखणे गोळ्यांवर आले आणि आपल्याकडे विषमज्वराची भीती गेली. भीतीबरोबर लक्षही गेले. १९७२ साली कालिकतमध्ये या औषधाला दाद न देणारा जंतू सापडला, तेव्हा त्याची बातमी डॉक्टरांपुरतीच राहिली.

आता खाडी ओलांडून या बाजूला येऊ. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि घारापुरीसमोरच्या किनाऱ्यावर नकाशावरून शहर उतरू लागले. मुंबईचे नळ विहार, तुळशी, तानसा असे एकेक तलाव जोडत वाढले. नवी मुंबईला आधी नियोजन मिळाले आणि मग माणसे. १ जानेवारी १९९२ रोजी महापालिका आली. पुढे तिने खालापूर तालुक्यात धावरी नदीवरचे मोरबे धरणच आपल्या ताब्यात घेतले. भोकरपाड्याला पाणी शुद्ध होते आणि दिवसाला ४५० दशलक्ष लिटरची तिथली क्षमता आहे. स्वतःचे धरण असलेल्या शहरात विषमज्वर असावा कशाला?

तरी होता. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी आणि दिघ्याच्या किंवा तुर्भ्याच्या डोंगराकडच्या वस्तीत पिंपातून ओंजळीत आलेले पाणी या दोहोंत अंतर फार. मधे थांबून थांबून येणारा पुरवठा, जोडावर झिरपणारे पाइप, शेजारून वाहणारे गटार, सामायिक संडास, गाडीवरचा बर्फगोळा. सेक्टरांतल्या इमारतीही सुटल्या नव्हत्या, कारण ताप पाण्यावाटे येतो तसा खाण्यावाटेही येतो.

२०१३ साली हैदराबादच्या भारत बायोटेकच्या नव्या लशीला भारतात परवाना मिळाला. राइटची लस मेलेल्या अख्ख्या जंतूंची होती. या लशीत जंतूच्या अंगावरचे फक्त साखरेचे आवरण असते, ते धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडलेले. त्यामुळे नऊ महिन्यांच्या बाळालाही ती लागू पडते आणि एकच डोस पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आणि २०१८च्या पावसाळ्यात नवी मुंबई महापालिकेने ती मुलांना द्यायची ठरवली. सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने आपल्या कार्यक्रमात ही लस आणण्याची जगातली ही पहिली वेळ.

मोहिमेच्या रचनेत पिअर्सनचा आक्षेप मिटवलेला होता. पालिकेची २२ नागरी आरोग्य केंद्रे. त्यांतली ११ चिठ्ठी टाकावी तशी निवडली आणि आधी त्यांच्याच हद्दीत लस दिली, उरलेली ११ नंतरच्या टप्प्यासाठी ठेवली. कोण काळजी घेणारा आणि कोण निष्काळजी हा प्रश्नच उरला नाही. १४ जुलै ते २५ ऑगस्ट या काळात नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या १ लाख १३ हजारांवर मुलांना टोचले; अंदाजलेल्या मुलांच्या सुमारे ७१ टक्के. मग इस्पितळांत तापाच्या मुलांचे रक्त कल्चरला घालून मोजणी सुरू झाली. २०२३ साली निष्कर्ष छापून आला. लस दिलेल्या हद्दींत सिद्ध झालेले विषमज्वराचे रुग्ण ५६ टक्क्यांनी कमी होते. खरा आकडा २५ ते ७४ च्या दरम्यान कुठेही असू शकेल, हेही तिथेच लिहिले आहे. एवढे मोकळेपणाने राइटने लिहिले असते तर १९०४चा वाद निम्म्यावर आला असता.

अभ्यास करणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लोक होते. लीलँड स्टॅनफर्ड नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा १८८४ साली आईवडिलांबरोबर युरोपच्या प्रवासात असताना फ्लॉरेन्सला विषमज्वराने वारला. रेल्वेत अमाप पैसा मिळवलेल्या आईवडिलांनी त्याच्या नावाने हे विद्यापीठ काढले. त्या मुलाचा मृत्यू झाला तेव्हा गाफ्कीचा जंतू प्रयोगशाळेत नुकता कुठे वाढू लागला होता.

आज ऐरोलीत किंवा नेरुळला मुलाला चार दिवस ताप राहिला, तर डॉक्टर पुष्कळदा चिठ्ठीवर आधी ‘विडाल’ लिहितात. कल्चर महाग पडते, दोन-तीन दिवस लावते आणि आधी गोळ्या घेतल्या असतील तर चकवते. विडाल स्वस्त आहे आणि संध्याकाळपर्यंत मिळते. ती अनेकदा भलते सांगते, हे जाणकार डॉक्टर वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. गाफ्कीचे नाव कोणाला आठवत नाही, राइटची लस इतिहासजमा झाली, फायफर पाठ्यपुस्तकात गेला. १८९६च्या त्या पिढीतला, प्लेगच्या निमित्ताने मुंबईला न आलेला विडाल तेवढा दरपत्रकावर आहे.